पलंगाला नैवेद्य

एका राज्यात, जिथं पोपट पंचायतीत साक्ष द्यायचे आणि झाडाला हाक मारली तर झाड ओ द्यायचं, तिथं खेळकऱ्यांचा एक फड होता. फड कसला, तीन माणसं आणि एक ढोल. पण माणसं अशी, की राजानं शेजारच्या राज्यातनं मागवली तरी मिळायची नाहीत.

हौसा दोरावरनं चालायची. कशी चालायची? आपण अंगणातनं चालतो तशी. वर सूर्य, खाली दरी, मधी हौसा. तिचा नवरा गेनबा ढोल वाजवायचा. त्यानं टिपरू मारलं की मेलेला बैल उठून वैरण मागायचा. आणि तिसरा गेनबाचा चुलता, रंगूतात्या, सोंगाड्या. त्याचं नुसतं तोंड बघून लोकं हसायची. सोंग आणायची गरजच नव्हती, पण हे तात्याला सांगणार कोण?

खेळकऱ्याचा जन्म कसा? रात्रभर खेळ, दिवसभर वाट. ह्या गावात उजाडलं की त्या गावाकडं चालू पडायचं. लोकं खेळ बघायची, घरी जाऊन घोरायची, आणि सकाळी उठून ह्यांनाच म्हणायची, "मजा हाय बाबा तुमची!" मजाच होती. चालता चालता डुलकी लागून तात्या एकदा विहिरीत पडला, तेवढीच काय ती त्याला गार झोप मिळाली.

त्या राज्याचा राजा उदेभान. माणूस चांगला. एकदा खेळ बघून लई खूष झाला. प्रधान म्हणाला, "महाराज, ह्यांना काय द्यावं?"

राजानं हौसाच्या डोळ्यांखालचं काळं बघितलं. म्हणाला, "पलंग द्या."

खजिन्यात एक पलंग होता. शिसवी लाकडाचा, पायांवर मोर कोरलेले. गादी सावरीच्या कापसाची. उशी अशी, की हात ठेवला तर हात म्हणायचा, मी काय आता परत येत नाही. कुणी केला, कुणासाठी केला, राजाला ठाऊक नव्हतं. आजोबाच्या काळापासनं तसाच पडलेला.

आता ऐका गंमत. खेळकऱ्यांची एक रीत होती. राजाचं बक्षीस अंगाखाली घ्यायचं नाही, डोक्यावर घ्यायचं. जोडा मिळाला तर पायात घालायचा नाही, पुजायचा. शाल मिळाली तर पांघरायची नाही, घडी करून कपाळाला लावायची. बापजाद्यांची रीत, ती मोडायची कशी? मग ह्यांनी पलंगाला हळदीकुंकू वाहिलं. तोरण बांधलं. रोज नैवेद्य दाखवला, भाकरी असली तर भाकरी, नसली तर भाकरीची आठवण. आणि झोपायची वेळ झाली की पलंगाच्या खाली, दगडाधोंड्यात, तिघंजण आडवे. गाव बदललं की पलंग डोक्यावर. जगातली सगळ्यात मऊ गादी डोक्याला आणि जगातला सगळ्यात टोकदार दगड पायाला. हसू नका. तुमच्या घरातल्या चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी कुठं ठेवल्यात, ते आधी आठवा.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, त्यांना सांगू नका. त्या पलंगाला शाप होता. जो खेळकरी मला मिळवून रिकामा ठेवील, त्याची झोप मी पिईन, असा. मोर दिसायला लाकडाचे, पण हळूहळू घोट घोट प्यायचे. आधी तात्याची झोप प्यायले, मग गेनबाची, मग हौसाची. मोठ्या झोपा संपल्या, तेव्हा डुलक्या प्यायले.

तात्या विनोदाचा शेवट आधी सांगायला लागला आणि सुरुवात आठवत बसला. गेनबाचा ताल असा सुटायचा, की नाचणारी माकडं थांबून त्याच्याकडं बघायची. आणि हौसा?

त्या राज्यात दरीच्या पलीकडं, डोंगराच्या माथ्यावर धारजाई देवी होती. वर्षातनं एकदा, जत्रेच्या दिवशी, राजवाड्याच्या बुरुजापासनं देवीच्या कळसापर्यंत दोर बांधायचा, आणि दोरावरनं निशाण न्यायचं. निशाण पोचलं की डोंगराची धार सुटायची आणि राज्याचे सगळे तलाव भरायचे. नाही पोचलं तर राज्य कोरडं. निशाण न्यायचा मान हौसाचा. मागच्या जत्रेत मधोमध तिचा पाय थरथरला. निशाण पोचलं, पण फाटून. धार सुटली, पण करंगळीएवढी. तलाव अर्धेच भरले. आता उन्हाळ्यात तळाला चिखल दिसत होता. आणि जत्रा तोंडावर आलेली.

हौसा गेनबाला म्हणाली, "आवंदा मी पडनार."

"येड्यावानी बोलू नगं."

"अवो, मी उभ्या जागी पडतीया. सकाळी चुलीफुडं पडले. दोरावर काय ऱ्हाईन? मी गेले तर गेले, पर पानी?"

गेनबा उठला. वैद्य केला. वैद्य म्हणाला, म्हशीचं दूध प्या. प्याले, म्हैस झोपली. तळपायाला तेल लावा. लावलं, तात्या घसरला. मग हौसा नदीच्या वाळूत जाऊन बसली, आणि तिथं एक टिटवी होती. टिटवी ठाऊक आहे ना? पाय वर करून निजते, आभाळ पडू नये म्हणून. लोकं तिला हसतात. लोकांचं काय जातंय, आभाळ काय लोकांनी धरलंय?

टिटवी म्हणाली, "टिट टिट! पलंगाला नैवेद्य आणि आपल्याला दगड. कुठल्या शहाण्यानं शिकवलं गं तुला?"

"रीत हाय आमची," हौसा म्हणाली.

"रीत तुमची, आणि झोप मोरांची. त्या पलंगाला शाप आहे, बाई. ज्यानं केला त्याच्याकडं जा. चांगो मांत्रिक. नदी उगवते तिथं राहतो. आणि जाताना पलंग घेऊन जा, नाहीतरी तुम्हाला डोक्यावर घ्यायची हौसच आहे."

निघाले. पुढं गेनबा, मागं तात्या, डोक्यावर पलंग, मागनं हौसा निशाणाची काठी टेकत. वाटेत जी झाडं भेटली ती विचारायची, "पलंगावर कोण आजारी आहे?" तात्या म्हणायचा, "पलंगच आजारी हाय."

चांगो मांत्रिक दारातच बसला होता. म्हातारा, भुवया अशा की त्यात चिमणीनं घरटं केलेलं, आणि डोळे लाल, जास्वंदीसारखे. पलंग बघितला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. पण बोलला कडक.

"कशाला आलात?"

"झोप मागायला, महाराज," हौसा म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"खेळकरी."

"म्हणजे जन्मभर लोकांना जागं ठेवणारे. बरं. आता उलटं करून दाखवा. तीन जागे जीव आहेत. त्यांना झोपवा. खजिन्यावरचा नाग. आभाळ तोलणारी टिटवी. तिसरा कोण, ते मग सांगीन. तीन झोपले तर शाप सैल होईल. नाही झोपले तर तुमची झोप विसरा."

गेनबा कळवळला. "महाराज, आमाला झोपवाया येत न्हाई. आमी झोपवलं तर लोकं पैसं परत मागतील."

"शिका," चांगो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

पहिला नाग. गुहेत होता. फणा कोंबड्यांच्या डालीएवढा, अंगाखाली हंडेच्या हंडे. कुणाचा खजिना, ते त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. तात्या पुढं झाला. म्हणाला, "हे माझं काम. आजकाल माझे विनोद ऐकून लोकं झोपतात." बसला आणि सुरू झाला. शेवट आधी, सुरुवात मग. नागानं असं कधी ऐकलंच नव्हतं. खो खो हसायला लागला. हसता हसता शेपटीनं हंडे वाजवायला लागला. झोप गेल्यापासनं तात्याचा विनोद कुणाला भावला नव्हता, आणि आज भावला तोही नको तिथं.

"अजून सांग! अजून सांग!" नाग म्हणाला. "झोप पार उडाली."

तात्यानं कपाळाला हात लावला. मग त्यानं नागाच्या डोळ्यांकडं बघितलं. पापणीच नाही. उघडेच्या उघडे. सोंगाड्या माणूस, तोंडं वाचायची सवय. त्यानं हळू आवाजात विचारलं, "आजोबा, ही राखण कुनी सांगितली तुमाला?"

"कुणीतरी म्हणाला, मी आलोच, तोवर बघ."

"मग?"

"मग आलाच नाही. मी बघतोय."

तात्या उठला. डोक्याचं पागोटं सोडलं. म्हणाला, "आजोबा, त्यो न्हाई आला. पर मी आलोय. तुमी बघितलं म्हनून समदं जिथल्या तिथं ऱ्हायलं. लई उपकार झाले. आता बदली मानूस आला. निजा."

आणि पागोट्यानं त्यानं नागाचे डोळे बांधले, पोराच्या डोळ्यांवर पदर घालतात तसे. नागानं एक सुस्कारा सोडला. गुहेतली धूळ उडाली. मग फणा मिटला, डोकं हंड्यावर टेकलं, आणि घोरायला लागला. तात्या खरंच राखणीला बसला. गेनबा म्हणाला, "तात्या, एक मोहर घ्यावी का?" तात्या म्हणाला, "झोपलेल्याच्या घरात हात घालू नये. आपल्या घरात मोरांनी घातला, तवा कसं वाटलं?" नाग चांगला गाढ झाल्यावरच तिघं बाहेर आली.

दुसरी टिटवी. वाळूत पाठीवर पडलेली, पाय वर. भर दुपार.

"झोप की बाई आता," हौसा म्हणाली.

"कशी झोपू? डोळा मिटला की पाय ढिले पडतात. पाय ढिले पडले की आभाळ खाली. मी मिटते डोळे, पण अर्धे."

गेनबाला हसू आलं. "एवढ्याशा काड्या, आन् आभाळ?"

टिटवी चिडली. "तू एकदा तुझा ढोल खाली ठेवून बघ, आभाळ किती कुरकुरतं ते. ती कुरकुर मी एकटीच ऐकते."

हौसा हसली नाही. ती वाळूत टिटवीशेजारी आडवी झाली आणि पाय वर केले. "मी धरते. पायांनी तोल धरायची सवय हाय मला."

टिटवीनं मान वाकडी करून बघितलं. "टाच सरळ. अंगठा जरा डावीकडं, तिकडं आभाळ जड आहे. हां. धरलंस?"

"धरलं."

"नीट धर हं. पडलं तर माझ्या नावावर जाईल." असं म्हणत टिटवीनं पाय खाली घेतले. जन्मात पहिल्यांदा. पंखात चोच खुपसली. आणि म्हणाली, "बाई, एवढं कुणी केलं नव्हतं गं माझ्यासाठी. हसले सगळे, हात कुणी लावला नाही." आणि झोपली.

आभाळ खरंच जड होतं. हौसा सांगायची, दुपारचं आभाळ सकाळच्यापेक्षा जड असतं, आणि ढग आला की पोटऱ्यांना कळतं. टिटवी उठेपर्यंत तिनं धरलं. पाय थरथरले, पण सोडले नाहीत. उठल्यावर टिटवी इतकी ताजी झाली की उडत उडत तिनं गेनबाच्या डोक्यावर शिटून घेतलं, आधीचा हिशेब म्हणून.

मग ते परत चांगोच्या दारात आले. पहाट फुटत होती.

"तिसरा कोण, महाराज?" गेनबानं विचारलं.

म्हाताऱ्यानं पलंगाच्या मोरावरनं हात फिरवला. मग म्हणाला, "तिसरा मी."

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला एक लेक होती, केवडा. नाचायची. असं नाचायची की घुंगरं मागं पडायची, ती पुढं. चांगोनं तिच्यासाठी हा पलंग केला. जादूचा नाही, साधा, बापानं केलेला. रोज म्हणायचा, निज गं. ती म्हणायची, "एवढा एक खेळ होऊ दे बाबा, मग निजते." त्या गावचा खेळ झाला की ह्या गावचा. ह्या गावचा झाला की राजाचा. पलंगावर ती एकदाही निजली नाही. एक दिवस नाचता नाचता खाली बसली, आणि उठली नाही. लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात," चांगो म्हणाला. "रागाच्या भरात पलंगाला शाप दिला, आणि राजाच्या खजिन्यात टाकून आलो. तेव्हापासनं माझाही डोळा लागला नाही."

गेनबानं ढोल पुढं ओढला. त्याला येत होतं तेवढंच. हळू वाजवू म्हणाला, पण ढोल तो ढोल, डोंगर दणाणला. चांगो दचकून उभा राहिला. गेनबानं टिपरू टाकून दिलं. हातानं वाजवलं, तरी दणदण. मग त्यानं ढोल बाजूला सारला, भिंतीकडं तोंड करून. म्हाताऱ्याला धरून बसवलं, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि ज्या हातानं मेलेले बैल उठवायचा, त्याच हातानं त्याला थोपटायला लागला.

थप्. थप्. थप्. आयांचा ताल. कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतो.

"म्हाराज," गेनबा थोपटता थोपटता म्हणाला, "पलंग लई चांगला केलाय तुमी. कड न् कड घासलीया. आमी येडे, आमी त्याची पूजा केली. तुमच्या लेकीला त्यो मिळाला न्हाई, आमाला मिळाला. उपकार हायती तुमचे. आन् तिचे बी."

म्हाताऱ्याच्या लाल डोळ्यातनं पाणी आलं. ते वाहिलं तशी लाली गेली. पुटपुटला, "शाप आता सैल आहे. सुटायचा तो पलंगावर कुणी खेळकरी निजेल तेव्हाच सुटेल. पण भीत भीत निजाल तर नाही. चोरून निजाल तर नाही. आभार मानून निजा..." आणि 'निजा' म्हणता म्हणता स्वतःच निजला. त्याच्या भुवईतल्या चिमणीनं पिलांना सांगितलं, आवाज करू नका.

पण जत्रा थांबली नव्हती, ती आजच होती. तिघं पलंग, ढोल, टिपरू घेऊन धावत, पडत, ठेचकाळत राजधानीत पोचली, तर बुरुजावर दोर ताणलेला. माणसं जमलेली, रिकामी मडकी घेऊन. नगाऱ्यावर टिपरी तयार. राजज्योतिषी जोशीबुवा घटिकापात्राकडं बघत उभे.

हौसानं निशाण घेतलं आणि बुरुजाची पहिली पायरी चढली. दुसऱ्या पायरीवर गुडघा मुडपला. निशाणासकट खाली बसली. लोकांच्या तोंडातनं एकच आवाज निघाला. राजा उदेभान धावत आला.

"काय झालं?"

गेनबानं हात जोडले आणि सगळं सांगितलं. पलंग, पूजा, मोर, शाप, सगळं. राजा पलंगाकडं बघत राहिला. तोरण, हळद, कुंकू, नैवेद्याचे डाग. गादीवर एक सुरकुती नाही.

"मी हा झोपायला दिला होता," राजा म्हणाला.

"म्हाराज, बक्षीस अंगाखाली कसं घ्यायचं? पाप लागंल," हौसा म्हणाली.

राजा तिथंच पायरीवर बसला. "पाप माझं. मी पलंग दिला आणि दुसऱ्या दिवशी परत खेळ मागितला. लाकूड दिलं, वेळ दिला नाही. हौसाबाई, निज. आत्ता. इथंच."

जोशीबुवा पुढं आले. "महाराज, मुहूर्त!"

"किती उरलाय?"

"आहे म्हणेपर्यंत संपेल. मुहूर्त टळला तर देवी कोपेल. धार आटेल."

"आणि ही दोरावरनं पडली तर देवी हसेल काय, जोशीबुवा?"

जोशीबुवा पोथीची पानं उलटायला लागले. लोकं कुजबुजायला लागली. तहानलेली माणसं, त्यांचं तरी काय चुकलं? तेवढ्यात गर्दीतनं एक म्हातारी पुढं आली. कमरेवर मडकं, कोरडं ठक्क. म्हणाली, "झोपू दे त्या लेकराला. आमी काडू तहान. तिचा खेळ बघून मी ल्येकाचं दुख इसरले हुते एकदा. त्यो उपकार फेडायचा ऱ्हायलाय." आणि मडकं उपडं ठेवून त्यावर बसली. मग एकेकानं मडकं उपडं ठेवलं.

पलंग अंगणात मांडला. आता बघा गंमत, जी बाई दरीवरनं दोरावर चालायची, तिचा पाय पलंगावर चढेना. एवढी वर्षं ज्याला हात जोडले, त्यावर पाय द्यायचा! पाय उचलायची, खाली ठेवायची. शेवटी ती वाकली. गादीला हात लावून कपाळाला लावला. म्हणाली, "चांगोबाबा, केवडाबाई, म्हाराज, मडकी उपडी घालणाऱ्या माझ्या मायांनो, तुमच्या जिवावर निजते." आणि निजली.

गादीनं तिला धरलं. किती वर्षं वाट बघत होती ती! हौसाचा एक हात बाहेर लोंबत राहिला, तो राजानं उचलून आत ठेवला.

मग सगळं नगर गप्प झालं. तांबटानं वर उचललेली हातोडी वरच धरून ठेवली, खाली आणली तर आवाज होईल म्हणून. नगाऱ्याला गोधडी पांघरली. कुत्र्यांनी एकमेकांची तोंडं धरली. पंचायतीतले पोपट, ज्यांना देवानं गप्प बसायला शिकवलंच नव्हतं, त्यांनी चोचीत एकेक पेरू धरला. राजा उशाशी बसून पंख्यानं माश्या वारत होता. प्रधानाला शिंक आली, तर तो शिवेबाहेर पळत जाऊन शिंकून आला.

गेनबा पलंगाच्या एका पायाला टेकून बसल्या बसल्या झोपला. तात्या दुसऱ्या पायाला.

मुहूर्त गेला. जोशीबुवांनी तोंड उघडलं. राजानं ओठांवर बोट ठेवलं. ऊन चढलं. तलावातला शेवटचा चिखल तडकल्याचा आवाज आला. एक पोर पाण्यासाठी रडायला लागलं, आईनं त्याला छातीशी घेतलं. राजाच्या कपाळाला घाम आला. राज्य त्याचं होतं, तहान त्याच्या लोकांची होती, आणि शब्द त्याचा. तरी पंखा थांबला नाही. जोशीबुवांनी हळूच विचारलं, "मग आता मुहूर्त कुठला धरायचा, महाराज?"

राजा तितक्याच हळू म्हणाला, "ती उठेल तो."

ऊन कललं तेव्हा पलंगाचे मोर हलले. माना वर केल्या आणि केकाटले, "म्याओ! म्याओ!" जे काही प्यायले होते ते सगळं त्यांच्या चोचींतनं धुक्यासारखं बाहेर आलं आणि ज्याचं त्याच्याकडं गेलं. मग पिसारे मिटून परत लाकडाचे झाले. साधे, बापानं कोरलेले.

हौसानं डोळे उघडले. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. तिनं आळस दिला, असा, की बुरुजावरचे पहारेकरी पण द्यायला लागले. मग बघितलं, उशाशी राजा, भोवती अख्खं नगर, सगळे गप्प, सगळ्यांचे ओठ सुकलेले.

"आगं बया!" हौसा म्हणाली. "तुमी समदे उभेच?"

आणि ताडकन उठली. गेनबा उठला. तात्याला उठवायला गेले तर तो म्हणाला, "माझा खेळ झाला," आणि कूस बदलली. त्याला राहू दिलं.

गेनबानं ढोलावर टिपरू टाकलं. ताल असा बसला, की तलावातल्या मेलेल्या बेडकांनी पण डोळे उघडले. हौसानं निशाण घेतलं, बुरुज चढली, दोरावर पाय ठेवला. वारा होता. दोर झुलत होता. मधोमध, जिथं मागच्या वर्षी पाय थरथरला, तिथं ती थांबली. आणि ती तिथं, दरीच्या मधोमध, एका पायावर फिरली, नगराकडं तोंड केलं, आणि वाकून नमस्कार केला. मग परत फिरली आणि चालत गेली, अंगणातनं जावं तशी.

निशाण कळसाला लागलं. धारजाईचा डोंगर गुरगुरला. धार सुटली. करंगळीएवढी नाही, हत्तीच्या सोंडेएवढी. मडकी सरळ झाली. म्हातारी पहिली ओंजळ प्यायली आणि दुसरी तिनं हौसाच्या नावानं सोडली. जोशीबुवांनी पंचांगात एक नवी ओळ घातली, ती त्या राज्यात अजून पाळतात. खेळकरी गावात आला की आधी त्याला खाट, मग ताट, मग खेळ. आणि तो उठेल तो मुहूर्त.

राजा उदेभान म्हणाला, "हौसाबाई, आज तू राज्य तारलंस. माग, काय पाहिजे ते."

हौसानं हात जोडले. "लई दिलंत म्हाराज. आता काय बी नगं." मग जरा लाजली. "फक्त सोडा मला. अंथरूण अजून गरम हाय."

आणि गेली निजायला.

कहाणी इथं आडवी झाली. ज्यांनी अंथरूण घातलं त्यांचं भलं होवो, ज्यांनी आवाज केला नाही त्यांचं त्याहून भलं होवो. हौसाला लागली तशी गाढ झोप तुम्हाला लागो, मला लागो, आणि तात्याची अजून चालू आहे, तेव्हा जाताना जरा हळू जा.